प्रवासाचं कारण : दात

...आणि वर ती परवान्याच्या खिडकीतली मुलगी मला विचारते, "काका, प्रवासाचं कारण?" मी म्हटलं, दात. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मास्कच्या वर मी जेवढा उरलो होतो तेवढ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "दात असं कारण नाहीये यात. मृत्यू आहे, गंभीर आजार आहे, लग्न आहे, नोकरी आहे आणि कायमचं परतणं आहे. यातलं एक सांगा." आता यातलं काय सांगू मी? मृत्यू म्हणावा तर कुणाचा? लग्न म्हणावं तर माझं होऊन एकतीस वर्षं झाली आणि बायको पिशवी धरून शेजारीच उभी. कायमचं परतणं म्हटलं असतं तर तिनं पिशवी तिथेच खाली ठेवली असती. मागे चाळीस माणसं, फरशीवर खडूनं काढलेल्या एकेका गोलात एकेक, आणि सगळ्यांचे डोळे माझ्या पाठीत. शेवटी त्या मुलीलाच दया आली. म्हणाली, "गंभीर आजार लिहू?" म्हटलं, लिही बाई. "कुणाला?" वडिलांना. "काय झालंय?" दात नाहीत. तिनं पेन खाली ठेवलं.

तक्रार नाही माझी, नुसतं सांगतोय.

नाही, मुळापासूनच सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, साथ ऐन भरात, लोक शेजारच्या दाराची कडी वाजवायला घाबरत होते, आणि हा माणूस दातांसाठी समुद्र ओलांडून बेटावर कशाला कडमडला? तर मी कवळ्या बनवतो. तीस वर्षं झाली. दातांचा डॉक्टर वेगळा, तो पुढच्या खोलीत, गार हवेत बसतो. मी मागच्या खोलीत, प्लॅस्टर, मेण आणि घासायची मशीन यांच्यात. तो माप घेतो, मी दात करतो. कवळी नीट बसली तर डॉक्टरच्या हाताला गुण, टोचली तर मागे बसलेला कारागीर बेकार. सवय झाली हो त्याची.

आणि माझे वडील, वय ब्याऐंशी, ते राहतात बेटावर, माझ्या धाकट्या बहिणीबरोबर. बहीण तिथल्या पोस्टात आहे. आई गेल्यापासून घरात दोघंच. वडिलांनी उभं आयुष्य बोटीच्या धक्क्यावर काढलं. कुठली बोट कधी सुटणार, कुठली उशिरा येणार, ते कर्ण्यावरून सांगायचं काम. छत्तीस वर्षं. निवृत्त झाले तरी आवाज काही निवृत्त झाला नाही. घरात पाणी मागितलं तरी समोरच्या इमारतीतला माणूस पेला घेऊन उठायचा. दर रविवारी मला फोन करायचे, पाऊण तास बोलायचे, त्यात माझ्या वाट्याला "हं" यायचं, तेही वारा जरा पडला तर.

आणि त्या वर्षी एका रविवारी फोन आला तो बहिणीचा. "दादा, बाबांची कवळी खराब झाली रे. हातातून पडली." मी म्हटलं, फोटो पाठव. आला फोटो. आता तुम्हाला सांगतो, कवळी पडली तर तुटते, तडा जातो, एखादा दात उडतो. ही तुटली नव्हती. ही वाकली होती. उन्हात विसरलेली मेणबत्ती कशी मान टाकते, तशी दोन्ही टोकांनी मान टाकून पडली होती. तीस वर्षं हे प्लास्टिक हाताळतोय मी, ते असं एकाच गोष्टीनं होतं. कुणीतरी ती उकळली होती. भांड्यात घालून, चांगली वीसेक मिनिटं.

आणि घरात कोण काय उकळत होतं ते मला ठाऊक नव्हतं होय? साथ आल्यापासून बहिणीची अवस्था मी फोनवर ऐकत होतो. पोस्टातली नोकरी, दिवसभर शंभर माणसांच्या हातची पाकिटं हाताळायची आणि संध्याकाळी ब्याऐंशी वर्षांच्या माणसाजवळ यायचं. बिचारी किल्ल्या उकळायची, कंगवे उकळायची, टीव्हीचा रिमोट उकळायचा राहिला तो वडील त्याच्यावर बसले होते म्हणून. मी फोटो पाहिला आणि म्हटलं, असं होय, पडली वाटतं. बरं. करतो काहीतरी. दुसरं काय म्हणणार? ती आधीच रडकुंडीला आलेली.

तुम्ही म्हणाल, मग एक नवी करून पोस्टानं पाठवायची, बहीण पोस्टातच आहे. पाठवली ना. माझ्याकडे वडिलांचा जुना साचा होता, त्यावरून केली. बसली नाही. का बसेल? महिनाभर नुसतं सूप पिऊन माणूस वाळला की त्याच्या हिरड्याही वाळतात. जुन्या पायाच्या मापानं शिवलेली चप्पल नव्या पायाला होईल का? नवं माप हवं. बेटावर दातांचा डॉक्टर एकच, तो साथीच्या आधी लेकीच्या बाळंतपणाला म्हणून बाहेर गेला आणि तिकडेच अडकला. तिचं मूल रांगायला लागलं तरी हा तिकडेच.

त्यात वडिलांनी बोलणं सोडलं. म्हणजे अगदी सोडलंच. फोनवर यायचे, पण रिसिव्हरवर बोटानं टकटक करायचे. एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. "बाबा, जेवलात का?" टक टक. "बरं वाटतंय का?" टक टक. "माझा आवाज येतोय ना?" टक. पाऊण तास बोलणारा माणूस हो. बहीण फोन घेऊन स्वयंपाकघरात जायची आणि हळूच सांगायची, "दादा, ते माझ्याशीपण बोलत नाहीत रे. मी समोर आले की तोंड घट्ट मिटून घेतात. भिंतीकडे बघत बसतात. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली मी." त्या दोन भोकांनी माझी झोप उडाली. बायकोला म्हटलं, तीन दिवसांसाठी जाऊन येतो. तीन दिवस. हे तीन लक्षात ठेवू नका, त्याचा पुढे काही उपयोग नाही.

तर नियम असा, की बेटावर उतरताना हातात निगेटिव्ह रिपोर्ट हवा, आणि नमुना दिल्याला बहात्तर तासांच्या वर झालेले चालणार नाहीत. ठीक आहे ना, बरोबरच आहे. आता प्रयोगशाळा रिपोर्ट देते दोन दिवसांनी. शनिवारी दुपारी एकला बंद, रविवारी सुट्टी. बोटी दोन, मंगळवारची आणि शुक्रवारची. दुपारी बाराला सुटणार, संध्याकाळी सहाला पोचणार. मी कागद घेऊन बसलो. मंगळवारच्या बोटीसाठी नमुना शनिवारी संध्याकाळी सहानंतर द्यायला हवा, तेव्हा प्रयोगशाळेला कुलूप. सोमवारी दिला तर रिपोर्ट बुधवारी, म्हणजे बोट जाऊन दुसरा दिवस. म्हणजे मंगळवारच्या बोटीनं कुणी जाऊच शकत नाही. मग ती कुणासाठी सुटते? मी त्या खिडकीतल्या मुलीला विचारलं. म्हणाली, "काका, वेळापत्रक आमच्याकडे नाही." रिकामी जायची हो बोट. भोंगा वाजवून रिकामी जायची.

राहिला शुक्रवार. बुधवारी सकाळी नमुना, शुक्रवारी सकाळी अकराला रिपोर्ट, बाराला बोट. मध्ये एक तास, आणि प्रयोगशाळा गावाच्या एका टोकाला, धक्का दुसऱ्या.

नाकात काडी घालतात ते तुम्हाला सांगायला नको, सगळ्यांनी भोगलंय. माझ्या वेळी होता तो माणूस मनापासून काम करणारा. काडी आत गेली, वळली, मला वाटलं झालं, तर म्हणाला, "अजून थोडं." अजून थोडं कुठे? पुढे माझा मेंदू आहे. तक्रार नाही माझी, नुसतं सांगतोय.

शुक्रवारी अकरा वीसला रिपोर्ट मिळाला. निगेटिव्ह. बायको रिक्षा थांबवून उभी. धक्क्यावर पोचलो बाराला सात कमी. तपासनिसानं कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला. "यावर स्त्री लिहिलंय." मी म्हटलं, चुकून लिहिलं असेल. "तुम्ही स्त्री आहात का?" नाही. "मग हा रिपोर्ट तुमचा नाही." अहो, नाव माझं, वय माझं, पत्ता माझा. "पण यात तुम्ही स्त्री आहात." आता यावर काय करावं माणसानं? बायको पुढे झाली, म्हणाली, "मी सांगते ना, हे पुरुष आहेत." तो म्हणाला, "बाई, तुमच्या सांगण्याचा रकाना नाही." आणि तोवर बोट सुटलीसुद्धा. आम्ही दोघं उभे, मी आणि माझ्यातली ती निगेटिव्ह बाई.

पुढच्या बुधवारी पुन्हा तोच माणूस, तीच काडी, अजून थोडं. पुढच्या शुक्रवारी रिपोर्टवर मी पुरुष. एकदाचा चढलो बोटीत.

बेटावर उतरलो तर धक्क्यावर तंबू आणि तंबूत आरोग्य खात्याचे साहेब. नाव सांगितलं असेल त्यांनी, पण मास्क, त्यावर दुसरा मास्क, त्यावर प्लास्टिकचा पडदा, त्यातून मला फक्त "हूं हूं" ऐकू आलं. काखेत कायम एक फाईल, म्हणून मी आपलं त्यांना फाईलवाले साहेब म्हणायचो. मनात. त्यांनी माझी बॅग उघडायला लावली. आता माझ्या बॅगेत काय असणार? प्लॅस्टरची पांढरी पावडर एक किलो. "हे काय?" प्लॅस्टर, साहेब. गुलाबी पावडर पाव किलो. "हे?" हिरड्या, साहेब. म्हणजे होणाऱ्या. मग निघाली दातांची पाकिटं. मेणाच्या पट्टीवर ओळीनं चिकटवलेले दात, लहान, मोठे, पिवळसर, पांढरे. साहेबांनी पट्टी उचलून उजेडात धरली आणि फार हळू आवाजात विचारलं, "हे किती माणसांचे आहेत?" मी म्हटलं, साहेब, अजून कुणाचेच नाहीत.

असो. बॅग सुटली, मी नाही सुटलो. सात दिवस विलगीकरण. मी म्हटलं, घरी राहतो ना, आठ मिनिटांवर घर आहे. "घरी कोण?" वडील आणि बहीण. "वडिलांचं वय?" ब्याऐंशी. "मग घरी नाही. सत्तरच्या वरचं माणूस असेल त्या घरात नाही." अहो, पण मी त्या सत्तरच्या वरच्या माणसासाठीच आलोय. "म्हणूनच," म्हणाले. आणि पंचाईत बघा, त्यांचं बरोबर होतं. माझ्यामुळे वडिलांना काही झालं असतं तर मी त्या कवळीचं काय करणार होतो? म्हणून तर सांगतोय, तक्रार नाही माझी.

मला ठेवलं बंद पडलेल्या प्रसूतिगृहात. दुसरी रिकामी इमारतच नव्हती. पहिला मजला, पाच नंबर. पलंग, टेबल, एक पाळणा, तो हलवायला मनाई होती, म्हणजे जागचा हलवायला. भिंतीवर तक्ता, आईच्या दुधाचे फायदे. चौदा फायदे आहेत. तुम्ही मला आत्ता झोपेतून उठवून विचारा, मी क्रमानं सांगेन. सात दिवस एका खोलीत एकटा माणूस, वाचायला दुसरं काय? जेवण दाराबाहेर स्टुलावर ठेवायचे, टकटक करायचे, मी शंभर मोजून दार उघडायचं. जेवण घेऊन येणारी नर्स पन्नाशीची, चालताना चपला ओढणारी, सगळे तिला मोठ्या सिस्टर म्हणायचे. तिची आज्ञा एकच. "आत काहीही येईल. आतून बाहेर काही म्हणजे काही जायचं नाही. कागदसुद्धा नाही." म्हटलं, कचरा? "त्याची लाल पिशवी वेगळी."

चौथ्या दिवशी सकाळी खिडकीखालून हाक आली. "दादा..." खाली अंगणात बहीण, आणि तिच्याशेजारी वडील. मी त्यांना दीड वर्षानं बघत होतो. आधी मला वाटलं, हिनं शेजारचं कुणीतरी म्हातारं माणूस सोबतीला आणलंय. शर्टाची कॉलर अशी, की त्यात दुसरी मान मावली असती. काठी नव्हती पूर्वी, आता काठी होती. मास्क लावलेला. मी वरून म्हटलं, "बाबा." त्यांनी हात वर केला. मी म्हटलं, "कसे आहात?" त्यांनी काठी जमिनीवर आपटली. एकदा... आणि थोड्या वेळानं दुसऱ्यांदा.

मग मी विचार करत नाही बसलो. तुम्हाला सांगतो, तीस वर्षांत मी कधी कुणाच्या तोंडात हात घातलेला नाही, ते डॉक्टरचं काम. पण माप घ्यायचं मेण माझ्याकडे होतं, ट्रे होते. ते मेण गरम पाण्यात मऊ होतं, तोंडात दाबलं की हिरडीचा ठसा घेतं, मग गार होऊन तसंच राहतं. मी किटलीत पाणी तापवलं, ट्रेमध्ये मेण भरलं, मगमध्ये कोमट पाणी, पाण्यात ट्रे, आणि मग सोडला खिडकीतून खाली. कशानं? प्रसूतिगृह हो ते. कपाटात बाळांची दुपटी बांधायच्या नाड्या होत्या, ढीगभर. त्यांना गाठी मारल्या.

बहीण खालून म्हणते, "दादा, मला नाही जमणार." मी म्हटलं, जमेल. बाबांच्या मागे उभी राहा. डोकं तुझ्या पोटाशी टेकव. आता ट्रे आत घाल, आधी एक बाजू, मग दुसरी. अंगठ्यानं दाब. सावकाश... अजून दाब... धर. मी शंभर मोजतो. आणि मी खिडकीत उभा राहून मोजतोय, बहीण खाली अंगठे दाबून उभी, डोळ्यांतून पाणी, ते पुसायला हात मोकळा नाही, आणि वडील तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघतायत. नजर माझ्यावरून हलवली नाही त्यांनी. शंभर झाले. ट्रे निघाला. तिनं वर धरून दाखवला. काय सांगू, पुढच्या खोलीतल्या डॉक्टरनं इतका स्वच्छ ठसा तीस वर्षांत मला कधी दिला नाही. मग खालच्या जबड्याचा. तोही तसाच.

दोन्ही ट्रे मगमध्ये घालून मी वर ओढले, खिडकीच्या कठड्यावर ठेवले, मागे वळलो... दारात मोठ्या सिस्टर. चपलांचा आवाज त्या दिवशी नेमका आला नाही. म्हणाली, "काय गेलं बाहेर?" मी म्हटलं, गेलं होतं, पण परत आलं. "गेलं होतं ना?" म्हटलं, हो.

दुपारी फाईलवाले साहेब दाराबाहेर येऊन उभे राहिले. फाईल उघडली. "खोलीतली वस्तू बाहेर गेल्यामुळे तुमचे दिवस आजपासून पुन्हा एक." मी म्हटलं, साहेब, चार दिवस झालेत माझे. "होते," म्हणाले. मी म्हटलं, आणि वडिलांचं काय? त्यांच्या तोंडात गेलं ना ते. तर म्हणाले, त्यांची आणि बहिणीची टेस्ट करू, आणि दोघांनी सात दिवस घराबाहेर पडायचं नाही. बहिणीची पोस्टातली रजा संपलेली, तिला बिनपगारी घ्यावी लागली, आणि पाच दिवस मी रोज भीत होतो, की आपण हे काय करून बसलो. हे मात्र मी गंमत म्हणून सांगत नाही. टेस्ट निगेटिव्ह आली दोघांची, तेव्हा मी पहिल्यांदा नीट जेवलो.

पण तो ठसा? तो कुणी घ्यायला आलंच नाही. मी मोठ्या सिस्टरला भीतभीत विचारलं, हे जप्त करणार का? तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "बाहेर गेलं तो गुन्हा. आत आलं त्याला नियम नाही. आत काहीही येऊ शकतं." आणि संध्याकाळी दारात स्टुलावर जेवणाशेजारी एक शेगडी आणि एक झाकणाचं पातेलं. म्हणाली, "बाळंतिणींचं पाणी तापवायचं आहे. घासूनपुसून परत द्या." मी कारागीर आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं खिडकीखालून सगळं ऐकलं होतं बहुतेक, शंभरपर्यंत.

मग त्या प्रसूतिगृहात मी सात दिवस बसून कवळी केली. ठशात प्लॅस्टर ओतलं, मेणात दात रचले, पाळण्यात वर्तमानपत्र पसरून त्यावर साचे वाळत ठेवले. गुलाबी प्लास्टिक साच्यात दाबून पातेल्यात शिजवलं. हे शिजवावंच लागतं, एकदाच. मशीन नव्हती, कानशीनं आणि काचकागदानं घासली. पहिल्या दिवशी साहेब दारातून डोकावले, पाळण्यात दात पाहिले आणि फाईल काखेत घट्ट धरून गेले.

सातव्या दिवशी पुन्हा काडी. निगेटिव्ह. पुरुष. सुटलो.

घर आठ मिनिटांवर. वडील खुर्चीत बसलेले, नवा शर्ट घातलेला, बहिणीनं कॉलरच्या मागे टाचणी लावून तो मापात आणलेला. मी हात धुतले, कवळी ओली केली, वरची बसवली, खालची बसवली. म्हटलं, चावा. एका बाजूला उंच लागत होती, काढली, घासली, पुन्हा बसवली. तीनदा. चौथ्यांदा त्यांनी ओठ मिटले, जीभ आत फिरवली, आणि चेहरा कसा... आतून कुणीतरी उशी भरावी तसा भरला. बहीण दाराला टेकून उभी. मी म्हटलं, बोला बाबा. काहीही बोला.

त्यांनी घसा साफ केला. अडीच महिन्यांचा घसा. आणि तोच तो आवाज, जरा गंजलेला, पण तोच. म्हणाले, "कवळी मी उकळली. माझीच चूक."

मी बहिणीकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती. आणि मला सगळं कळलं हो, की हा माणूस अडीच महिने गप्प का होता. दातांशिवाय बोलले की बोळकं दिसायचं, आणि बोळकं दिसलं की हिला रडू फुटायचं. म्हणून ती समोर आली की ते तोंड मिटून घ्यायचे. हिला वाटायचं रागावलेत. मी म्हटलं, "बाबा, पुन्हा उकळू नका. साध्या पाण्यात ठेवायची." म्हणाले, "नाही उकळणार." बहीण आत गेली आणि तिनं नळ सोडला, मोठा. बराच वेळ भांडी घासत होती, घासलेलीच.

आता मी म्हणालो दोन दिवसांत निघू. तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात अकरा माणसं. कुणाच्या हातात रुमाल, कुणाच्या डबी, कुणाच्या काचेची बरणी. सगळ्यांत कवळ्या. वडिलांनी काय केलं होतं, पहाटे उठून गच्चीवर जाऊन शेजाऱ्यांशी गप्पा मारल्या होत्या. तेवढं पुरलं. त्या बेटावर सात महिने दात दुरुस्त करणारं कुणी नव्हतं, आणि उकळणारी बहीण काय फक्त माझीच होती? अकरातल्या चार वाकलेल्या. रांगेच्या शेवटी फाईलवाले साहेब. लांब उभे राहिले, पडदा वर केला, दोन्ही मास्क खाली केले. पुढचे दोन दात नाहीत. म्हणाले, मार्चपासून. बरं झालं म्हणे मास्क आले. मी म्हटलं, साहेब, माझा राहण्याचा परवाना परवा संपतोय. त्यांनी तिथल्या तिथे फाईल उघडली आणि सही केली. "सहा आठवडे वाढवलाय." मी मागितला नव्हता हो.

बायकोला फोन केला. म्हटलं, जरा उशीर होतोय. ती म्हणाली, "अर्जावर काय लिहिलं होतंस शेवटी, कायमचं परतणं?" तक्रार नाही माझी, नुसतं सांगतोय.

तर नवी कवळी पहिले आठ दिवस जरा बोचते, तोवर मऊच खायचं. आठवा दिवस रविवार. बहीण सकाळपासून स्वयंपाकघरात. म्हणाली, आज बाबांना चावून खायला घालायचं. काकडी कापली, शेंगदाणे भाजले, पाव कडक शेकला, मटण केलं, ताट असं वाढलं की बघत राहावं. मी समोर बसलो. माझी तीस वर्षांची कारागिरी हो, तीनदा नाकात काडी, एकदा बाई झालो, दहा दिवस बाळंतिणीच्या खोलीत, सगळं आता कामाला लागणार. वडील ताटावर बसले. ताट नीट पाहिलं. मग दोन बोटं तोंडात घातली, वरची काढली, खालची काढली, शेजारच्या पाण्याच्या वाटीत ठेवली, आणि शेकलेला पाव मटणाच्या रश्श्यात बुडवून आरामात हिरड्यांनी खायला लागले.

बहीण माझ्याकडे बघतेय, मी वाटीकडे बघतोय. मी म्हटलं, "बाबा... जेवताना काढून ठेवता?"

त्यांनी हातानं थांब म्हणून खूण केली. घास गिळला. रुमालाला हात पुसले, वाटीतून वरची उचलली, बसवली, खालची बसवली, जीभ फिरवून खात्री केली आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, "अरे, जेवताना मी कुठे बोलतो?"

आणि पुन्हा काढून वाटीत ठेवली.